तीन नंबरची चेन: अंडरकॅरेजच्या कामाच्या नोंदी

११ मार्च २०२४

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. तीन नंबरच्या पोकलेनची चेन याही खेपेला वेळेआधीच संपत आली आहे, तर आता जास्त जड बनावटीची चेन आणि रुंद शू (चेनीवरच्या, जमिनीला टेकणाऱ्या लोखंडी पट्ट्या) मागवायचे का, अशी विचारणा आहे. मी कळवलं, आधी मोजू, मग मागवू. दिवाळीनंतर निर्णय घ्यायचा असं ठरलं. तोवर जुन्या चेनीवरच काम काढायचं आणि ती नेमकी कशानं झिजते ते शोधायचं.

वणी तालुक्यातल्या या खाणीवर आमच्या ११० टन वर्गातल्या पोकलेन ओबी काढतात, म्हणजे कोळशावरचा मातीखडकाचा थर. वर काळी माती, खाली चिकणमाती, मग वालुकाश्म आणि त्याच्या पोटात वर्धा खोऱ्यातला कोळसा. बकेटचा दात पडला तर डंपरवालाही हॉर्न मारून सांगतो. खालच्या चेनीकडे मात्र ती तुटेपर्यंत कोणी वाकून बघत नाही. आणि चेनवाल्या मशीनच्या दुरुस्तीच्या खर्चातला फार मोठा वाटा खातो तो हाच खालचा भाग, अंडरकॅरेज.

ही वही नव्या पोरांच्या हाती जाईल, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. मागे स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, त्याला फायनल ड्राइव्हमधून, म्हणजे शेजारच्या गिअरच्या डब्यातून, ताकद मिळते. पुढे आयडलर, चेन वळवणारं मोकळं चाक. खाली बॉटम रोलर, मशीनचं सगळं वजन यांच्यावर. वर टॉप रोलर, ते फक्त चेन झेलतात. चेन म्हणजे लिंक, त्यांना जोडणारी पिन, पिनवर बसलेला नळीसारखा बुश आणि बाहेरून बोल्टनं आवळलेले शू. आयडलरच्या मागे ग्रीसचा सिलिंडर आणि जाड स्प्रिंग. ग्रीस भरलं की आयडलर पुढे सरकतो आणि चेन ताणली जाते. यातला एक भाग बिघडला की बाकीचे त्याच्या मागोमाग जातात.

१४ मार्च

मोजणी. सकाळी सहाला सुरुवात केली, कारण दहानंतर लोखंडाला हात लागत नाही.

आधी चेन धुतली. मग स्प्रॉकेटच्या दातात एक जुनी पिन अडकवून मशीन किंचित मागे घेतली, म्हणजे वरची चेन ताणून सरळ होते. ढिल्या चेनीवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही. चार लिंकांचं अंतर पिनेच्या कडेपासून पिनेच्या कडेपर्यंत टेपनं घेतलं आणि प्रत्येक बाजूला वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा घेतलं. मास्टर पिनजवळचं, म्हणजे चेन जिथं जोडतात-उघडतात तिथलं माप घ्यायचं नाही, ते फसवं येतं. लिंकची उंची डेप्थ गेजनं, बुशचा बाहेरचा व्यास कॅलिपरनं.

डावी चेन उजवीपेक्षा लांबली आहे. चार लिंकांत ६ मिलिमीटरचा फरक. एवढ्यावर कोणी हसेल, पण चेनीचं पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, वाढलं की बुश स्प्रॉकेटच्या दाताच्या तळाशी बसत नाही, वर चढून बसतो. मग दाताची टोकं धारदार होतात, बुशाच्या पाठीवर खाच पडते आणि चेन ‘टक्क टक्क’ बोलायला लागते. तीन नंबर वळताना हा आवाज येतो, तो पार खाली असलेल्या पंपवाल्यालाही ओळखू येतो.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. पिन आणि बुश आतल्या आत घासतात. सांध्यांत ग्रीस भरून सील बसवलेलं असतं. ते सील गेलं की ग्रीस बाहेर येतं आणि रेतीचं पाणी आत शिरतं. बाहेरून चेन चांगली दिसते आणि आतून पोखरलेली असते.

आणखी एक. डाव्या बाजूच्या बॉटम रोलरच्या आतल्या कडा पातळ झाल्या आहेत, लिंकच्या बाजूही घासल्या आहेत. सरळ चालणाऱ्या मशीनला हे होत नाही. मशीन सतत एकाच अंगाला वळते आहे.

पुढून दुसऱ्या रोलरच्या तोंडाशी तेलाचा ओलावा आहे, त्यावर धूळ बसून काळी खपली धरली आहे. सील गेलं. रोलर मागवला.

२२ मार्च

आज पाळीभर फेसवर, म्हणजे जिथं खोदकाम चालतं त्या कड्यापाशी, बसून राहिलो. खोदताना मशीन काय करते हे सगळ्यांना माहीत आहे. मला ती चालताना बघायची होती.

पोकलेन खोदते तेव्हा चेन जवळजवळ उभी असते. झीज होते चालताना. आणि आमच्या इथे ती फार चालते. सुरुंगाच्या वेळी मशीन मागे न्यावी लागते, धुरळा बसला की परत आणावी लागते. फेस लांबट आहे, डंपर ज्या बाजूनं येतात तिकडं पुन्हा सरकावं लागतं. दिवसभरात हे चालणं बरंच होतं, आणि त्यातलं निम्मं उलटं होतं.

उलटं म्हणजे असं. स्प्रॉकेट मागे हवं. मशीन पुढे जाते तेव्हा स्प्रॉकेट खालच्या, जमिनीवरच्या चेनीला ओढतं. ताण फक्त तिथून स्प्रॉकेटपर्यंतच्या आखूड तुकड्यावर येतो, वरची चेन ढिली असते. स्प्रॉकेट पुढच्या दिशेला ठेवून चाललं की ओढ उलटी होते. वरची अख्खी चेन ताणात येते, तो ताण आयडलरला वळसा घालून जमिनीपर्यंत जातो. आता आयडलरवर आणि स्प्रॉकेटवर प्रत्येक सांधा ताणाखाली दुमडतो, बुश दातावर दाबून घासतो. अंतर तेच, पण झीज किती तरी जास्त.

ऑपरेटरला हे का कळत नाही? कारण वरचा भाग गोल फिरतो. त्याची केबिन जिकडं तोंड करते ते त्याच्यासाठी पुढे. ब्लास्टिंगचा भोंगा झाला की तो केबिन फिरवतो, समोर रस्ता बघतो आणि लिव्हर दाबतो. खाली स्प्रॉकेट कुठं आहे हे त्याला दिसतच नाही. ऑपरेटर झारखंडचा आहे, हाताला फार साफ, बकेट भरताना डंपर हलतसुद्धा नाही. त्याला खाली उतरवून चेनीचा वरचा ताण हातानं दाखवला तेव्हा तो लगेच उमजला. आजवर त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. चूक त्याची नाही.

वळण्याचंही बघितलं. जागच्या जागी, एक चेन पुढे आणि एक मागे, असं फिरवतात. डंपरची रांग डावीकडं, म्हणून मशीनही दर वेळी डावीकडंच फिरते. रोलरच्या कडा का गेल्या त्याचं उत्तर मिळालं.

२३ मार्च

साधा उपाय केला. ट्रॅक फ्रेमच्या स्प्रॉकेटकडच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पांढरा रंग मारला, आयडलरकडच्या टोकाला पिवळा. केबिनमधून खाली डोकावलं की रंग दिसतो. नियम: खोदताना आणि चालताना पिवळा पुढे. खोदताना स्प्रॉकेट मागे असलं की फेसवरून घसरलेला दगड फायनल ड्राइव्हवर पडत नाही, हा वरचा फायदा. सुरुंगाच्या वेळी मागे हटायचं तर थोडं अंतर उलटं जाऊ दे, पण लांबची चाल असेल तर आधी मशीन तीन टप्प्यांत वळवून पिवळा पुढे घ्यायचा. जागेवर गरगर फिरवायची नाही.

एक नंबरवर यातलं काहीच करायचं नाही, असं मुद्दाम ठरवलं. तिची चेन जवळपास तेवढ्याच तासांची आहे आणि ती त्याच बेंचवर, म्हणजे खाणीच्या त्याच पायरीवर चालते. दोन्हींची मापं पुढं समोरासमोर ठेवता येतील. सुपरवायझरला हे पटलं नाही. एका मशीनला पथ्य आणि दुसरीला नाही, हा काय न्याय, असं त्याचं म्हणणं. पण तुलनेला काही नसेल तर ऑक्टोबरात मी नुसतं ‘मला वाटतं’ एवढंच सांगू शकेन, आणि मुख्य कार्यालयाला ‘वाटतं’ चालत नाही.

२० एप्रिल

काल मतदान होतं. पोरं गावी गेली, मशिनी उभ्या. मिळालेल्या वेळात शूचे बोल्ट तपासले. एका बाजूला ४८ शू, प्रत्येकाला चार बोल्ट. डावीकडचे बरेच ढिले निघाले. ढिला शू लिंकवर हलतो आणि बोल्टचं भोक लांबट करून टाकतो. एकदा भोक गेलं की नवा बोल्टही टिकत नाही, लिंकच बाद होते. ढिले बोल्ट नुसते आवळले नाहीत, बदलले. एकदा ताण खाल्लेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही.

६ मे

आज ओबीच्या साहेबांशी जमिनीवरून वाद झाला, तो सविस्तर लिहितो. या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आमचा वालुकाश्म क्वार्ट्‌झच्या कणांचा आहे. क्वार्ट्‌झ कठीणपणाच्या मोह्‌सच्या मापात ७ वर. लिंकचा माथा (रोलर ज्यावरून धावतात ती बाजू) आणि रोलरचा घेर कारखान्यात तापवून कडक केलेला असतो, तरीही तो क्वार्ट्‌झपेक्षा मऊच. रेतीचा कण लिंक आणि रोलर यांच्या मध्ये आला की तो पोलाद कोरणारच. पलीकडे राजूर, कोरपना भागातल्या चुनखडीत काम करणाऱ्या मशिनींच्या चेनी जास्त टिकतात, असं तिकडचे फिटर सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. चुनखडीतला कॅल्साइट ३ वर आहे, तो पोलादाला ओरखडा काढू शकत नाही. तिथून आलेला माणूस इथल्या चेनीला हलकी म्हणतो. चेन तीच असते, खालचा दगड बदललेला असतो.

दगड बदलता येत नाही. जमीन मात्र बदलता येते. आमच्या बेंचचा तळ म्हणजे सुरुंगानं फुटलेले दगड, उंचवटे, खड्डे. ११० टनांची मशीन एका टोकदार दगडावर चढली की सगळं वजन एका शूच्या एका कडेवर येतं. शू वाकतो, बोल्टवर झटका बसतो, पिन बुशात तिरपी दाबली जाते. रोलरच्या खाली तर त्या क्षणी एकाच रोलरवर किती तरी पट भार असतो. उतारावर उभी राहून खोदत असेल तर खालच्या बाजूचे रोलर आणि लिंक कायम भाराखाली. तीन नंबरची डावी बाजू महिनोन्‌महिने उताराच्या अंगाला होती, हे मी गेल्या दोन महिन्यांत डोळ्यांनी बघितलं आहे.

माझी मागणी अशी: प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला डोझरनं पोकलेनच्या पायाखालची जागा सपाट करायची, सुटे दगड बाजूला ढकलायचे आणि बारीक चुऱ्याचा एक थर पसरायचा. मशीन मागे हटते तो पट्टाही तसाच.

साहेब म्हणाले, डोझर डंपवर, म्हणजे काढलेल्या मातीच्या ढिगावर लागतो, पाळीच्या सुरुवातीला तिकडून काढला तर डंपर अडकतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांचा हिशेब दिवसाच्या घनमीटरात होतो, माझा वर्षाच्या तासांत. पण चेन तुटून मशीन फेसवर बसली की तिच्या मागचे सगळे डंपर अडकतात आणि कधी कधी दोन दिवस. मी मागच्या वर्षीच्या लॉगबुकातली ती पानं पुढं ठेवली. शेवटी तोडगा निघाला: जेवणाच्या सुट्टीत डंपर उभे असतात तेव्हा डोझर खाली येईल. अर्धा तास मिळेल. मला तेवढा पुरेसा आहे.

२८ मे

नवतपा चालू आहे. पारा ४५ च्या आसपास, खाणीच्या तळाशी वारा नाही.

तीन नंबर पश्चिमेच्या पॅचवर न्यायची आहे, दोन किलोमीटरच्या आसपास चाल. ही मशीन ट्रेलरवर चढवायची म्हणजे तिचे भाग सुटे करावे लागतात, तेव्हा चेनीवरच चालवत न्यायची. वेग ताशी दोन-तीन किलोमीटर. प्रश्न वेगाचा नाही, उष्णतेचा आहे. सलग चाललं की रोलरमधलं तेल आणि फायनल ड्राइव्हचं तेल तापत जातं, सील कडक होतं आणि एकदा गेलं की गेलं.

रात्री दहानंतर नेली. हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, आधी टँकरनं पाणी मारून घेतलं. थोडं चालायचं, थांबायचं, टेंपरेचर गननं प्रत्येक रोलर बघायचा. पुढून तिसरा उजवा रोलर बाकीच्यांपेक्षा चढा दाखवत होता, म्हणून तिथं मुक्काम वाढवला. पोरं कंटाळली. एकानं विचारलं, ‘‘साहेब, असंच चाललं तं सकाळ होईन ना जी?’’ झालीही असती तरी चाललं असतं. नवा रोलर यायला महिना लागतो. पहाटेआधी पोचलो. तो रोलर लक्षात ठेवायचा.

२४ जून

पाऊस लागला. आता खरी परीक्षा.

उन्हाळ्यात जी चेन बरोबर ताणलेली, तीच पावसाळ्यात फार घट्ट होते. काळी माती स्प्रॉकेटच्या दातांच्या तळाशी भरते, तिथंच दाबून घट्ट बसते. मग बुश तळापर्यंत पोचत नाही, स्प्रॉकेटचा घेर वाढल्यासारखा होतो आणि चेन आपोआप आवळली जाते. ऑपरेटरला वाटतं मशीन चिखलानं जड झाली आहे, म्हणून तो जोर लावतो. जोर जातो पिन, बुश, आयडलर आणि फायनल ड्राइव्हच्या बेअरिंगवर.

आज दोन्ही बाजू नव्यानं लावल्या. पद्धत लिहून ठेवतो. बूम बाजूला फिरवून बकेट जमिनीवर टेकवायची आणि एक चेन अधांतरी उचलायची, फ्रेमखाली ठोकळे लावायचे. चेन मागेपुढे फिरवून चिखल झाडायचा. मग मध्यभागी फ्रेमच्या खालच्या कडेपासून लोंबणाऱ्या शूच्या वरच्या बाजूपर्यंत माप. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या ढिल्या टोकाला पावसाळ्यात ठेवायचं, कोरड्यात मधोमध.

ढिली करताना एक गोष्ट कोणीही विसरू नये. ग्रीसच्या सिलिंडरमध्ये प्रचंड दाब असतो. व्हॉल्व्ह हळूहळू सैल करायचा, एका फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि तोंड किंवा शरीर त्याच्या समोर आणायचं नाही. ग्रीस बाहेर येत नसेल तर व्हॉल्व्ह आणखी उघडायचा नाही, मशीन जरा मागेपुढे हलवायची. सुटलेला व्हॉल्व्ह माणसाच्या अंगातून आरपार जातो. हे मी प्रत्येक नव्या हेल्परला हाताला धरून सांगतो आणि पुढेही सांगत राहीन.

आमचे जुने फिटरकाका शेजारी उभे होते. त्यांची शेती याच खाणीच्या कडेला होती, आता त्यांचा मुलगा प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरीला आहे. पोरांना म्हणाले, ‘‘जोत लय आवळलं तं बैलाचा गळा कापते, लय ढिल्लं सोडलं तं जू खाली येते. चेनीचंही तसंच हाय, बाप्पा.’’ माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा पोरांना हे लवकर कळलं.

१७ जुलै

तीन नंबरचा डावा टॉप रोलर फिरत नाही.

चिखल भरून रात्रभर मशीन उभी होती, मग दोन दिवस उघडीप मिळाली. काळी माती सुकली की विटेसारखी होते. रोलर आणि फ्रेम यांच्या मधली फट पूर्ण भरलेली. चेन त्याच्यावरून घसरत गेली आणि रोलरला एका बाजूला तळहाताएवढा सपाट डाग पडला. पहारीनं माती फोडली, मग पाण्याचा फवारा. रोलर मोकळा झाला पण डाग पडलेला रोलर पुन्हा तिथंच अडकतो, बदलावाच लागणार.

आजपासून पाळी संपताना चेन साफ करूनच मशीन उभी करायची. त्यासाठी पहार, खोरं आणि पाण्याचा पंप फेसवरच ठेवला. पाळी सुटायच्या वेळी घरी जायची घाई असते, म्हणून हे काम ऑपरेटर-हेल्परच्या मागे लावायचं नाही. पाळीचे शेवटचे पंधरा मिनिटं लोडिंग थांबवून यालाच द्यायचे, असं साहेबांकडून लिहून घेतलं. मशीन उभी करायची ती कठीण जागेवर, साचलेल्या पाण्यात नाही.

२६ जुलै

वरच्या काळ्या मातीच्या बेंचवर दोन नंबर रुतली. डोझर लावून, लाकडी ओंडके टाकून काढली. लगेच मुख्य कार्यालयाचा फोन: म्हणूनच रुंद शू हवेत ना?

हिशेब असा. आताचे शू ७०० मिलिमीटरचे. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण दीड किलो दाब येतो. शू १००० मिलिमीटरचे केले तर तो एक किलोच्या जवळ जाईल. काळ्या मातीत मशीन कमी रुतेल, हे खरं. पण वर्षातले आठ महिने हीच मशीन फुटलेल्या वालुकाश्मावर असते. रुंद शूची कड दगडावर टेकली की चेनीच्या मध्यापासून ती लांब असल्यामुळे मुरड तितकीच जास्त बसते. शू वाकतात, बोल्ट तुटतात, पिन-बुशचे सांधे पिळले जातात, वळताना माती जास्त खरवडावी लागते. चार महिन्यांच्या सोयीसाठी आठ महिने नुकसान सोसायचं. जमीन पेलू शकेल तेवढा अरुंद शू घ्यावा, हेच बरोबर.

रुतण्याचा उपाय शूमध्ये नाही, कामाच्या आखणीत आहे. काळ्या मातीचा बेंच जूनच्या आधी पुढं काढून ठेवायचा, पावसाळ्यात पोकलेन खडकाच्या बेंचवर ठेवायच्या आणि वर जायचंच तर दगडाच्या चुऱ्याचा पट्टा टाकून. पुढच्या वर्षीच्या आखणीत हे घालावं, असं लिहून दिलं.

२ सप्टेंबर

पोळा. दुपारनंतर काम बंद. ज्यांच्या घरी अजून बैल आहेत ते गावाकडे गेले.

१२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी मशिनींना झेंडू, कुंकू, नारळ. काल संध्याकाळपर्यंत तीन नंबर आणि एक नंबर दोन्हींची मोजणी पूर्ण केली, म्हणजे आज चेनीवर फुलं आणि आकडे दोन्ही होते.

निकाल सरळ नाही, म्हणून जसा आहे तसा लिहितो.

लिंकच्या माथ्याची झीज दोन्ही मशिनींवर जवळपास सारखी. जमीन सपाट करून, बरोबर चालवूनही क्वार्ट्‌झ आपलं काम करतोच. पावसाळ्यात तर रेती पाण्यात मिसळून रोलर आणि लिंक यांच्यामध्ये लापशी होते आणि कोरड्यापेक्षा जास्त घासते. इथं मला फरक पडेल असं वाटत होतं, पडला नाही. हा भाग चेनीच्या पोलादाच्या कडकपणावर सोडावा लागेल.

चेनीचं लांबणं मात्र एक नंबरपेक्षा तीन नंबरवर निम्म्याहून कमी. मार्चनंतर डावी आणि उजवी यांत नवा फरक पडलेला नाही, जुना ६ मिलिमीटरचा आहे तेवढाच. रोलरच्या कडांची झीज थांबल्यासारखी आहे. तीन नंबरवर या काळात एकही शूचा बोल्ट तुटला नाही, एक नंबरवर तुटले, शिवाय तिचे दोन शू वाकले आणि एका रोलरचं सील गेलं.

म्हणजे आमची चेन आधी मरत होती ती माथा झिजून नाही. पिन-बुश आतून जाऊन, वळून, वाकून मरत होती, माथ्यावर अजून बरंच पोलाद शिल्लक असताना. जड बनावटीची चेन घेतली असती तर माथ्यावर आणखी पोलाद मिळालं असतं, जे आम्ही तसंच भंगारात टाकलं असतं.

हे सगळं दोन मशिनींवरचं आणि एका बेंचवरचं आहे. दोन्हींवर ऑपरेटरही वेगळे. तरी निर्णय घ्यायला मला एवढं पुरतं.

१४ नोव्हेंबर

मुख्य कार्यालयाला अहवाल गेला. मागणी: तीन नंबरसाठी नेहमीच्याच बनावटीची चेन, ७०० मिलिमीटरचेच शू. सोबत दोन्ही स्प्रॉकेटं नवी. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की झिजलेले दात नव्या बुशांना पहिल्या महिन्यातच खातात, आणि स्प्रॉकेटचे वाचवलेले पैसे चेनीत जातात. वाचलेल्या पैशातून प्रत्येक मशीनसाठी चेनीच्या बाजूचे गार्ड आणि दोन रोलर कायम साठ्यात ठेवावेत, अशी दुसरी मागणी. एका सीलसाठी महिना थांबायचं आणि तोवर मशीन चालवत राहायचं, हे यापुढं नको.

तिसरी मागणी पैशाची नाही. ऑपरेटरला बोनस मिळतो तो डंपरच्या ट्रिपांवर. त्यात चेनीचा एक भाग असावा: पाळी संपताना चेन साफ, पिवळा पुढे, बोल्ट बघितलेले. ज्या माणसाच्या हातात ११० टन आहेत त्याच्या काळजीची किंमत कुठंच मांडलेली नाही, हे मला पटत नाही. यावर अजून उत्तर नाही. मी पुन्हा विचारणार आहे.

२९ नोव्हेंबर

नवी चेन चढली. बोल्ट लावताना घाई करू दिली नाही. भोकं आणि लिंकची शू बसणारी बाजू तारेच्या ब्रशनं घासून साफ, रंग आणि गंज काढून. नव्या शूखाली रंगाचा थर राहिला तर तो पुढं दबतो आणि बोल्ट आपोआप ढिला पडतो. चारही बोल्ट आधी हातानं, मग टॉर्क रेंचनं पहिला टप्पा आडवे-तिरपे, मग प्रत्येक बोल्टवर खडूनं रेघ मारून मॅन्युअलमधल्या कोनाएवढा आणखी फिरवला. खडूच्या रेघेमुळे कोणता राहिला ते लगेच दिसतं. फिटरकाकांनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा नुसत्या हातोडीच्या आवाजावर तपासले, त्यांनी एक शोधून काढला, तो खरंच कमी आवळला होता.

पहिल्या ५० तासांनंतर सगळे बोल्ट आणि चेनीचा ताण पुन्हा बघायचा. नव्या चेनीत सांधे बसतात, ताण उतरतो. पहिले काही दिवस चाल कमी, वळणं मोठी.

एक नंबरच्या फ्रेमलाही आज पांढरा-पिवळा रंग मारला. तिच्यावरचा ऑपरेटर आजपासून रात्रपाळीला आहे, म्हणून मी आज रात्रपाळी सुरू होताना फेसवर जाऊन त्याला चेनीचा ताण दाखवणार आहे. तीन नंबरचा झारखंडचा ऑपरेटरही सोबत येतो म्हणाला.